चौथं घर

"मंडळी, बसून घ्या. उभ्या माणसाला कमी ऐकू येतं."

पेण ते रोहा या पट्ट्यात तुम्ही एखादी हळद, एखादी कबड्डीची स्पर्धा, शाळेचं गॅदरिंग किंवा कोणाचा सेवानिवृत्तीचा सत्कार पाहिला असेल, तर हे वाक्य तुमच्या कानावरून गेलेलं आहे. ते बोलण्याआधी एक माणूस खिशातून रुमाल काढून माइकची जाळी पुसायचा. रुमाल घडी करून परत खिशात. मग घसा न खाकरता, एकदम, हे वाक्य. लोक हसायचे, आणि हसता हसता बसायचे. मागच्या रांगेतलेसुद्धा.

त्यांना सगळे सर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. रोह्याजवळच्या एका कंपनीत काट्यावर होते, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचं वजन लिहायचं काम. शिफ्ट बदलून घेऊन कार्यक्रमाला यायचे. तरी एकदा माइक धरला की माणूस सर होतो आमच्याकडे.

मी साउंडवाला. पेणला, रामवाडीत माझं साउंडचं छोटं गोडाऊन आहे. एकोणीस वर्षं त्यांचा आवाज माझ्या स्पीकरमधून गेला. मला ते नावाने हाक मारत नसत. "साउंड, ट्रेबल जरा खाली घे." "साउंड, जेवलास काय?" मी त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. आता मीही बावन्नचा झालो आहे आणि स्पीकरचे बॉक्स उचलताना कंबर धरते. हे लिहायचं फार वर्षं टाळलं. आणखी टाळलं तर लिहून काही उपयोगच राहणार नाही, म्हणून बसलो.

त्यांचं एकच जाकीट होतं. जांभळं, बिनबाह्यांचं, चमकदार बटणांचं. मे महिन्यात कोलाडला भर दुपारी तेच घालून उभे. खाली पायात मात्र घरचे स्पोर्ट्स शूज, नाडी तुटलेले. मी एकदा म्हटलं, सर, निदान चप्पल तरी बरी घाला. म्हणाले, "स्टेजखालून माणूस गुडघ्यापर्यंतच दिसतो. खालचं माझं मला."

कौतुक करण्यात त्यांचा हात सैल होता. एका गावात एक जण दहावीत चार वेळा नापास झालेला, पुढे वीटभट्टीवर बरा स्थिरावला. त्याच्या हस्ते नारळ फोडायचा होता. सरांनी त्याला माइकवरून शिक्षणप्रेमी म्हटलं. लोक हसायला लागले. तो माणूस खाली उतरल्यावर भांडायला आला. सर म्हणाले, "अरे, चार वेळा फॉर्म भरलास. प्रेम असल्याशिवाय कोण भरतो?" त्याला ते पटलं. त्याच्या मुलीच्या लग्नाला सरांनाच बोलावलं त्याने.

कासूच्या एका हळदीत नवऱ्याचा मामा रुसला. त्याचं नाव आत्याच्या यजमानांच्या नंतर घेतलं गेलं होतं. मामा उठला तो थेट स्टेशनवर जाऊन बसला, येईल त्या गाडीने घरी जातो म्हणाला. नवऱ्याची आई रडायला लागली. सर मला म्हणाले, "साउंड, एक बॉक्स स्टेशनच्या बाजूला फिरव." मी फिरवला. सरांनी माइक घेतला आणि कुठलीही घाई न करता सुरू केलं, "या घरातला सगळ्यात मोठा मान ज्यांचा, ते मामासाहेब आत्ता प्लॅटफॉर्मवर उजवीकडच्या बाकावर बसलेले आहेत. निळा शर्ट. त्यांच्या शेजारी जे कोणी बसले असतील त्यांनी कृपया मामासाहेबांना आमचा नमस्कार सांगावा." तिसऱ्यांदा हे झाल्यावर मामा परत आला. लाजेने की रागाने ते कळलं नाही, पण आला. सर म्हणाले, "प्लॅटफॉर्मवरचा सगळा गाव त्याच्या शर्टाकडे बघत असणार. किती वेळ बसेल?"

हसवणारा माणूस म्हणून तुम्ही त्यांना ओळखत असाल. मला ते दुसऱ्या गोष्टीसाठी आठवतात. नावांसाठी.

कोलाडच्या पुढे एका गावात बायकांचे खेळ होते, जिंकणारीला पैठणी. उखाणे झाले. प्रत्येक बाई नवऱ्याचं नाव घेऊन खाली बसत होती. सरांनी मध्येच नियम बदलला. म्हणाले, "यजमानांची नावं झाली. आता तुमचं सांगा. माहेरचं." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सत्तरीच्या एक आजी पुढे होत्या. त्यांना आठवेना. म्हणजे आठवत असेल, पण तोंडातून निघेना. शेवटी म्हणाल्या, "त्या नावानं हाका मारणारं कोण नाय रं आता." सरांनी ते नाव त्यांच्याकडून कानात ऐकून घेतलं आणि माइकवरून तीनदा हाक मारली. सावकाश, अंगणातून आई मारते तशी. आजी तिसऱ्या हाकेला "ओ" म्हणाल्या. मी साउंडच्या मिक्सरवर मान खाली घालून बसलो होतो.

कार्यक्रम संध्याकाळी असला की ते दुपारीच गावात येत. पायी फिरत. खिशात जुन्या लग्नपत्रिका, त्यांच्या कोऱ्या बाजूवर नावं लिहीत. सरपंचाचं नाव तर सगळेच विचारतात. हे गृहस्थ नारळ आणणाऱ्याचं, पाणी भरणाऱ्या बाईचं, मैदान सारवणाऱ्यांचं नाव विचारत.

आणि एक नियम त्यांचा असा होता की तो मी दुसऱ्या कुठल्या निवेदकात पाहिला नाही. आमच्याकडे स्पर्धा सुरू होण्याआधी गावात वर्षभरात गेलेल्या माणसांची नावं वाचतात. सगळे उठतात, दोन मिनिटं उभे राहतात, मग नारळ फुटतो. ती यादी मंडळाची पोरं देतात. सर ती यादी घेत, पण तिच्यावरून वाचत नसत. यादीतल्या प्रत्येकाच्या घरी जात. दारात उभे राहून विचारत, "पूर्ण नाव काय लावायचं? वडिलांचं घेऊ ना? काही राहिलंय का सांगायचं?" घरातलं माणूस काहीतरी सांगायचं. चांगला भजनी होता. बैल कधी मारला नाही. तेवढं एक वाक्य ते नावाला जोडत.

"गेलेल्या माणसाचं नाव कागदावरून घ्यायचं नाय," असं मला म्हणत. "घरातून घ्यायचं. तेवढ्यासाठी तरी कोण त्यांच्या दारात जातं?"

हे मी शंभर वेळा पाहिलं होतं. म्हणून जे केलं ते न कळता केलं असं मला म्हणता येत नाही.

सात वर्षं झाली. पेणच्या खाडीकडच्या एका गावात कबड्डीची स्पर्धा होती. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांशी आता माझं बोलणं झालेलं आहे, तेवढं पुरे. सरांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डॉक्टरांनी ऊन आणि धूळ टाळायला सांगितलेलं. काळा चष्मा लावून ते मंडपात खुर्चीवर बसले आणि मला जवळ बोलावलं.

"साउंड, आज तू जा. चार घरं आहेत. माझ्यासारखंच विचार. घाई करू नको."

यादी मंडळाच्या अध्यक्षाने लिहून दिली होती. मी तीन घरांत गेलो. ती गावातच होती, एकमेकांजवळ. विचारलं, लिहिलं. चौथं नाव नानांचं होतं. नाना म्हणजे एके काळचे नावाजलेले कबड्डीपटू, कोपऱ्यात उभे राहायचे, घोटा धरला की सोडायचे नाहीत असं म्हातारे सांगत. त्यांचं घर गावात नव्हतं. बांध ओलांडून मिठागरांच्या बाजूला जी चारपाच घरं आहेत, त्यांतलं शेवटचं. ऊन होतं. सकाळपासून मी बॉक्स चढवत होतो. बांधावर उभा राहिलो. घर दिसत होतं. दार लावलेलं दिसलं. नाना खूप आजारी आहेत हे मीही ऐकलं होतं. म्हटलं, गेले असणारच, अध्यक्ष काय उगाच लिहील? आणि मागे फिरलो.

सरांनी विचारलं, "चारही झाली?"

"झाली."

"नानांकडे कोण होतं?"

"नानी होती."

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार सर? रडत होती."

हे शेवटचं मी का जोडलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. नुसतं "नानी होती" म्हटलं असतं तरी चाललं असतं. सरांनी काळा चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "असू दे. मी सांभाळून घेतो."

पाच वाजता उद्घाटन. लोक उभे राहिले. सरांनी तीन नावं वाचली, प्रत्येकाला त्याचं वाक्य. चौथ्याला ते थोडे जास्त बोलले; वाक्य मिळालं नव्हतं म्हणून त्यांनी स्वतःचं जोडलं. म्हणाले, "आज त्या घरात एक माऊली एकटी रडते आहे. नानांनी धरलेला घोटा कोणाला सोडवता आला नाही, पण..."

"अरे, मी हितं हाय."

नाना मंडपाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. लोकरीची टोपी, अंगावर शाल, वाळून काटकी झालेले. त्यांचा जावई त्यांना रोह्याहून गाडीने घेऊन आला होता, सामने बघायचेत म्हणून हट्ट केला होता त्यांनी. सहा महिने ते लेकीकडे होते. शेजारी नानी उभी होती, कारण श्रद्धांजलीला सगळेच उभे होते. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खाली बसली.

आधी काही पोरं हसली. मग हसू थांबलं. नाना स्वतः म्हणाले, "वाच, वाच. पुढचं ऐकू दे. माझ्याबद्दल चांगलं कोण बोलतंय कधी?" पण त्या विनोदाला कोणी हसलं नाही.

अध्यक्ष स्टेजवर होता. यादी त्याच्या हाताची. तो सरांकडे बघत होता. मी मिक्सरवर होतो. मीही सरांकडे बघत होतो. सरांनी काळा चष्मा काढला. माझ्याकडे एकदा बघितलं, फार नाही, एक क्षण. मग माइकवर म्हणाले, "नाना, चूक माझी आहे. मी दारात न जाता नाव वाचलं. गावाने मला जी शिक्षा द्यायची ती द्यावी." स्टेजवरून खाली उतरून ते नानांच्या पाया पडले. नानीच्याही. नानीने पाय मागे घेतले.

मी तेव्हा बोलू शकत होतो. माइकच्या चारपाच वायरी माझ्या हातात होत्या.

सोळा दिवसांनी नाना गेले. आजारानेच गेले, फुप्फुसं खलास झाली होती, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण गावात ते कोणाला ऐकायचं होतं? सरांच्या तोंडून आलं आणि माणूस गेला, एवढंच फिरलं. पेणहून रोह्यापर्यंत फिरायला पंधरवडासुद्धा लागला नाही. काळ्या जिभेचा माणूस. त्या दिवसांत तीन हळदी ठरलेल्या होत्या, तिन्ही घरांतून निरोप आला. कोणी तोंडावर काही म्हणालं नाही. "सर, मंडळी म्हणतात यंदा डीजेच ठेवू." "सर, पाहुणेच बोलतील दोन शब्द." एका नवरीच्या आजीने मात्र सरळ सांगितलं, शुभकार्यात नको. निदान ती खरं बोलली.

तुम्ही म्हणाल, मग तू काय केलंस? मी साउंड लावत राहिलो. लोक मला विचारायचे, कोणी चांगला निवेदक आहे का ओळखीचा. मी दुसऱ्यांची नावं द्यायचो. सरांचं नाव दिलं आणि त्यांना नको असेल तर? असं मनाशी म्हणायचो. खरं कारण हे की त्यांच्या शेजारी उभं राहून काम करणं मला जमत नव्हतं.

त्यांना बोलावणी यायची ती दहाव्याला, बाराव्याला, शोकसभेला. एकदा रोह्याच्या बाजारात भेटले. हातात पिशवी, आत कोथिंबीर. जाकीट नव्हतं, साधा पांढरा शर्ट.

"कसं चाललंय सर?"

"बरं चाललंय. आता फक्त गेलेल्या माणसाकडे बोलावतात. तिथे आधीच खात्री झालेली असते, चुकायची भीती नाय."

हसले. मीही हसलो. मग कोथिंबीर किती महाग झाली ते दोघं बोलत राहिलो.

दोन वर्षांनी मी त्यांच्या रोह्याच्या घरी गेलो. निमित्त कामाचं होतं. एका दुकानदाराला रिक्षावर फिरवायला जाहिरात हवी होती, त्याला सरांचा जुना आवाज आवडायचा. रिक्षात बसलेल्या आवाजाला शुभ-अशुभ कोण बघतं? मी लॅपटॉप आणि माइक घेऊन गेलो. सरांच्या बायकोने खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला. साड्यांचा सेल, तीन दिवस बाकी, असं सर चार वेळा म्हणाले. प्रत्येक वेळी माइकची जाळी पुसून. पाचव्यांदा म्हणायच्या आधी मी बोलून गेलो.

"सर, त्या दिवशी नानांच्या घरी मी..."

"लाल दिवा चालू आहे, साउंड. आधी काम."

काम झालं. मी रेकॉर्डिंगचा दिवा बंद केला. वहिनी आत चहाला गेल्या.

"मला दुसऱ्याच दिवशी कळलं," ते म्हणाले. "माफी मागायला नानांच्या लेकीकडे गेलो. इथेच तर राहते ती, दोन गल्ल्या सोडून. नानी म्हणाली, आम्ही सहा महिने गावाला गेलोच नाय. मग रडत कोण होतं ते मला कळेना."

मी लॅपटॉप मिटला.

"मग बोलला का नाहीत?"

"माइक माझ्या हातात होता."

"पण सर..."

"थोडे दिवस मी वाट बघितली. म्हटलं, येईल सांगायला. मग म्हटलं, जाऊ दे, त्याचंही घर चाललं पाहिजे." ते वायर गुंडाळायला लागले, मला मदत म्हणून. उलटी गुंडाळत होते. एकोणीस वर्षांत त्यांना वायर गुंडाळता आली नाही. "एकच सांगतो. रडत होती असं नको होतं म्हणायला. मी त्या शब्दावर बोललो ना. नुसतं नाव वाचून थांबलो असतो."

चहा आला. मी तो प्यायलो. त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो नाही. कोणालाही काही सांगितलं नाही. त्यांनी मला एक प्रकारे सोडून दिलं होतं, आणि मी सुटलो असं धरून चालत राहिलो.

गेल्या श्रावणात सर गेले. झोपेतच. अंत्ययात्रेला कंपनीतली माणसं होती, शेजारी होते. हळदीवाले नव्हते. वहिनींनी ते जांभळं जाकीट बाहेर काढून ठेवलं होतं, घालायचं की नाही ते ठरत नव्हतं. शेवटी घातलं नाही.

यंदा खाडीकडच्या त्या गावात पुन्हा स्पर्धा होती. अध्यक्ष तोच, पोट सुटलेला. साउंड माझा. निवेदन करायला पेणच्या शाळेतल्या एक तरुण बाई होत्या, चांगल्या बोलतात, यादी मोबाइलवर. मी दुपारी अध्यक्षाला बाजूला घेतलं.

"यंदाच्या यादीत सरांचं नाव घाल."

"कोणते सर?" त्याला कळलं होतं. "वेडा काय तू? आमच्या मैदानात त्यांचं नाव? एवढा तमाशा झालेला."

"यादी तू दिली होतीस."

"आणि घरोघर तू फिरला होतास," तो म्हणाला. "आता कशाला काढतो? माणूस गेला. नाना गेले. सगळे मोकळे झाले."

तो निघून गेला. मी थोडा वेळ बॉक्सवर बसलो. मग उठून बांधाकडे चालायला लागलो. घड्याळ बघितलं. नानीच्या दारात पोचायला अकरा मिनिटं लागली.

नानी आता लेकीकडे नसते, याच घरात असते. ओट्यावर वाल सोलत होती. डोळ्याला कमी दिसतं तिला, ओळखलं नाही. मी साउंडवाला म्हटलं. बस म्हणाली. मी उभाच राहिलो आणि सगळं सांगितलं. कुठलं घर, कुठे उभा राहिलो, सरांना काय म्हणालो. बोलायला फार वेळ लागत नाही, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

तिने वालाची शेंग हातात तशीच धरली होती.

"मी रडत होते म्हणून सांगितलंस?"

"व्हय."

"माझा नवरा जिता असताना?"

"व्हय, नानी."

मिठागरात कोणीतरी फावडं ओढत होतं, त्याचा आवाज येत होता.

"सर दरसाल यायचे," ती म्हणाली. "ह्यांच्या तिथीला. ह्याच ओट्यावर बसायचे. दरसाल माफी मागायचे. मी म्हणायची, सर, कितींदा मागाल? एकदा दिली ना." मग तिने माझ्याकडे तोंड केलं. "आणि तू त्यांना मागू दिलीस."

मी खाली पडलेल्या शेंगा गोळा करायला लागलो.

"माझी काठी दे," ती म्हणाली.

परतायला आम्हाला अर्धा तास लागला. ती माझा हात धरत नव्हती, मी मध्येमध्ये पुढे करत होतो. मैदानात लोक जमले होते, बाईंनी माइक हातात घेतला होता. नानी सरळ अध्यक्षाच्या समोर जाऊन उभी राहिली.

"नानी, बस तू. ए, खुर्ची द्या रे."

"बसायला नाय आले. सरांचं नाव लिहून घे."

"नानी, ते आपल्या गावचे नाय..."

"माझ्या माणसाचं जितेपणी वाचलंत. त्या माणसाचं मेल्यावर तरी वाचा." तिने काठी माझ्याकडे केली. "चूक ह्याची होती. आताच दारात येऊन सांगितलंन. आणि कागद तुझा होता, ते मला तेव्हापासून म्हाईत हाय. मीच गप बसले होते."

आजूबाजूची माणसं ऐकत होती. दोन म्हातारे पुढे आले. एकाने मला विचारलं, "खरं हाय काय रे?" मी म्हटलं, खरं आहे. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती सरांनी जाईपर्यंत झेलली होती. अध्यक्षाने बाईंना हाताने खूण केली.

बाईंनी मला बोलावलं. पूर्ण नाव विचारलं. वडिलांचं नाव विचारलं. काही जोडायचं का, असंही त्यांनीच विचारलं. मी म्हटलं, या गावात त्यांनी केलेली चूक त्यांची नव्हती, एवढं जोडा. बाई थांबल्या, अध्यक्षाकडे बघितलं, मग तसंच्या तसं वाचलं. वारा मिठागरांकडचा होता, आवाज गावात सगळीकडे गेला असणार. लोक उभे राहिले. निम्म्यांना तो माणूस आठवत नव्हता. उभे राहिले तरी.

नारळ फुटल्यावर अध्यक्ष माझ्याजवळ आला.

"पुढच्या वर्षी साउंड आम्ही दुसरा बघू," म्हणाला. "गावातली मंडळी म्हणतात."

"बरं," मी म्हटलं.

पहिला सामना सुरू झाला. नानी पहिल्या रांगेत बसली होती. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिने तिच्यावर काठी आडवी ठेवली होती. एक पाहुणा आला, काठी उचलायला वाकला.

"दुसरीकडे बस रे बाबा," नानी म्हणाली. "हितं माणूस हाय."